गुणी वादकांच्या शेजारी बसून वाजवताना: गिटार, बँड आणि आपला खान्देश

पांझराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी धुळ्याचा. लग्नसराईत आणि गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रात रिदम गिटार वाजवतो, एरवी दुकान सांभाळतो. गिटारवर इथे आजवर जे धागे निघाले ते बहुतेक 'सर्वांत मोठा गिटारवादक कोण' याच वळणावर गेले. मला दुसरं बोलायचंय. आपल्यापेक्षा कितीतरी पुढच्या माणसाशेजारी बसून वाजवताना काय घडतं, आणि त्यानंतर मोठ्या गिटारवादकांकडे बघण्याची नजर कशी बदलते, हे.

आमच्याकडे कीबोर्डवर जे अण्णा आहेत ते मूळचे लग्नाच्या बँडमधले क्लॅरनेटवाले. नोटेशन शिकलेले नाहीत. कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीची) नावंही ते घेत नाहीत. पण गाणारी स्टेजच्या पायऱ्या चढता चढता 'काळी चार' (पेटीवरची चौथी काळी, तिला सा धरून गायचं) म्हणाली की त्यांचा हात तिथे पोचलेला असतो, आणि कधी न ऐकलेल्या गाण्याचा मुखडा एकदा कानावरून गेला की दुसऱ्या वेळी मधल्या जागा ते असे भरतात की गाणं त्यांनीच बसवलंय असं वाटावं. कानाची ही तयारी कुठल्या वर्गात झालेली नाही. वरातीपुढे चालत, जनरेटरचा आवाज, फटाके आणि ढोल यांच्यातून सूर शोधत शोधत ती झाली आहे.

गिटारवाल्याला बँडच्या माणसांबरोबर पहिली अडचण येते ती पट्टीची. आपले हात ई, ए, डी, जी या कॉर्डवर वाढलेले, कारण तिथे मोकळ्या तारा मिळतात. बँडवाले काळी पाच आणि काळी दोन यात रमतात. त्याचं कारण वाद्यात आहे. क्लॅरनेट बी फ्लॅटचं असतं, त्यावरचा सी म्हणजे आपली काळी पाच. म्हणून अण्णांना जी पट्टी अंगणासारखी, ती गिटारवर बार कॉर्डची (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायच्या कॉर्डची) रांग होते. कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या एका आडव्या पट्टीपाशी, दाबून धरणारा चिमटा) लावला की सुटका होते हे खरं. काळी चार असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून जी चे आकार धरा किंवा चौथ्यावर लावून ई चे धरा, सूर एकच. पण आवाज एक नाही, आणि हे मला अण्णांनी ऐकायला लावलं. पहिल्या फ्रेटवर गिटार जाड वाजते आणि कीबोर्डच्या डाव्या हाताशी तिची गर्दी होते. चौथ्यावर ती बारीक, खळखळती होते आणि कीबोर्डच्या वर जाऊन बसते. 'तू कुठे वाजवतो यापेक्षा मी कुठे वाजवतोय ते बघ,' असं ते म्हणाले होते. त्यानंतर कॅपो कुठे लावायचा हे मी बाकीच्यांचं ऐकून ठरवायला लागलो.

त्यांचं आणखी एक वाक्य अख्ख्या ग्रुपला पाठ आहे: 'पहिले ऐक भो, मंग वाजाड.' नवीन मुलगा आला की त्याला पहिलं गाणं वाजवू देत नाहीत. शेजारी बसवतात. ठेका कोणाच्या हातात आहे, गाणारी श्वास कुठे घेते, ढोलकीवाला कोणत्या ओळीला भरीव तुकडा देतो, हे त्याने आधी सांगायचं. वाजवणं त्यानंतर.

अशा माणसाबरोबर काही हंगाम काढले की जगातल्या मोठ्या गिटारवादकांमध्ये कोण आवडतं हेही बदलतं. माझा आजचा सर्वांत आवडता माणूस फ्रेडी ग्रीन. काउंट बेसी यांच्या अमेरिकन जॅझ बँडमध्ये तो 1937 साली आला आणि 1987 मध्ये वारला तोवर तिथेच होता. पन्नास वर्षं एका बँडमध्ये, आणि सोलो जवळजवळ नाहीच. एवढ्या ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या गर्दीत ॲम्प्लिफायर न लावता साधी लाकडी गिटार. चार मात्रांना चार ठोके. कॉर्ड पूर्ण धरल्यासारखी दिसते, पण पुष्कळदा त्यातल्या एकदोनच तारा बोलत असतात, बाकीच्या बोटांनी दाबून मुक्या केलेल्या. रेकॉर्डिंगमध्ये ती गिटार कान देऊन शोधावी लागते. ती काढून टाकली तर बँड पांगेल, हे मात्र लगेच कळतं.

आपल्याकडचं सांगायचं तर भूपिंदर सिंग आणि भानू गुप्ता. भूपिंदर यांना लोक गायक म्हणून ओळखतात, पण पंचमदांच्या (आर. डी. बर्मन यांच्या) कितीतरी गाण्यांत गिटार त्यांची आहे. 1971 च्या 'दम मारो दम'मधली गिटार त्यांचीच. आणि भानू गुप्ता म्हणजे पंचमदांच्या रिदमचा कणा. 'शोले'मध्ये जयच्या तोंडी जो माऊथ ऑर्गन आहे तोही त्यांनीच वाजवलाय. कोट्यवधी लोकांना तो सूर पाठ आहे, वाजवणाऱ्याचं नाव विचारलं तर किती जण सांगतील?

तुम्ही कोणाशेजारी बसून शिकलात? नाव नका देऊ, काय शिकलात ते सांगा. आणि आवडता गिटारवादक सांगाल तर तो का आवडतो हेही लिहा.

भुसावळ_जंक्शन

धागा वाचून वडिलांची आठवण झाली. ते रेल्वेत होते. आमच्या गावात गिटार आली ती रेल्वेबरोबर. अँग्लो-इंडियन कुटुंबं होती, इन्स्टिट्यूटमध्ये नाच व्हायचे, ख्रिसमसला बँड असायचा. वडील बाहेर उभे राहून ऐकायचे आणि घरी येऊन बुलबुलतरंगावर ते सूर शोधायचे. ती कुटुंबं पुढे एकेक करून परदेशी किंवा मोठ्या शहरांत गेली, काही गिटारी गावातच राहिल्या. माझी पहिली गिटार अशीच एका निवृत्त गार्डसाहेबांची. त्यांनी मला फक्त उजवा हात शिकवला. डावा हात पुस्तकातही सापडेल म्हणायचे. तारेवरून हात कधी उचलायचा, ठोका वाजल्यावर तो किती वेळ राहू द्यायचा आणि कुठे तोडायचा, यावर आमच्या संध्याकाळीच्या संध्याकाळी जायच्या. फ्रेडी ग्रीनबद्दल वाचलं आणि कळलं की गार्डसाहेब काय शिकवत होते.

एक वेगळी गोष्ट लिहितो, कारण खान्देशात गिटार वाजवणाऱ्याला ती कोणी सांगत नाही. आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि हवा कोरडीठाक असते. गिटारीच्या लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्या दुपारी त्याच्या निम्म्यानेही ती नसते. लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं मानेच्या कडेने बाहेर येऊन बोटाला टोचतात, सॉलिड टॉप (वरची फळी अखंड लाकडाची) असेल तर चीर पडू शकते. मग पावसाळा लागला की तेच लाकूड फुगतं, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर जाते. गिटार उघडी भिंतीला टांगू नका. केसमध्ये ठेवा, साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओलसर स्पंज ठेवा आणि ती डबी केसमध्ये टाका. उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवायची नाही म्हणजे नाही. सरस मऊ पडतो आणि ताणाने ब्रिज (तारा जिथे अडकवतात ती खालची पट्टी) उचलला जातो.

गिरणामाय

लेख मनापासून आवडला, पण मला एक मुद्दा मांडायचाय आणि तो मी गांभीर्याने मांडतेय. आपल्या गाण्यांना गिटार हवीच का? आमच्याकडे चाळीसगाव भागात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. ती गाणी चार-पाच सुरांत फिरतात. ओवीचंही तेच. बहिणाबाईंच्या ओव्या जात्यावर म्हटल्या गेल्या, तिथे जात्याची घरघर हाच आधारस्वर होता. आता यूट्यूबवर अहिराणी गाणी येतात ती ऐकते. खाली मेजर-मायनर कॉर्ड लावलेल्या असतात आणि चाल एकदम कोणत्याही हिंदी गाण्यासारखी ऐकू येते. आजीच्या तोंडी गंधार (ग) थोडा खाली लागायचा, ना धड शुद्ध ना कोमल. तिथे कॉर्ड धरली की तो गंधार मेला. गुणी वादकांचा आदर आहेच, पण आमच्या आजीही गुणी होत्या.

पांझराकाठ

गिरणामाय, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, आणि याच गोष्टीवर आमच्या ग्रुपमध्ये खूप खल झालाय. मेजर आणि मायनर यांतला फरक फक्त गंधाराचा. गिटारने गंधार वाजवला की गाणारीला तो पाळावा लागतो. म्हणून कानबाईच्या गाण्याला मी कॉर्डमधला गंधार काढून टाकतो. नुसते षड्ज आणि पंचम (सा आणि प), तेही खालच्या तारांवर. मग गाणारी हवा तिथे गंधार लावू शकते. कॉर्ड बदलायचीच नाही असंही करून पाहिलंय, पूर्ण गाणं एकाच जोडीवर. अण्णांना तेच सर्वांत आवडतं. तालाचंही सांभाळावं लागतं. पुष्कळ गाणी सहा मात्रांत झुलतात. हिंदी गाण्यांच्या सवयीचं चार मात्रांचं स्ट्रमिंग तिथे लावलं की बायकांच्या टाळ्या अडखळतात. टाळी कुठे पडते ते बघायचं आणि गिटारचा ठोका तिच्या आड येऊ द्यायचा नाही.

अरुणावती

शिरपूरहून. धागा छान, पण सगळे मिळून वेगाने वाजवणाऱ्यांना कमी लेखतोय असं वाटायला लागलंय. मला वेग आवडतो आणि त्याबद्दल बोलायचंय. 1980 च्या डिसेंबरात सान फ्रान्सिस्कोला पाको दे लुसिया, जॉन मॅक्लॉफ्लिन आणि अल दी मेओला हे तीन गिटारवादक एकत्र बसले, ते रेकॉर्डिंग मी कॉलेजात असताना ऐकलं आणि रात्री झोप लागली नाही. तिघं एकमेकांना चढवत नेतात आणि कोणीही ताल सोडत नाही. पाकोंचा वेग आकाशातून पडलेला नाही. फ्लामेंकोत, म्हणजे स्पेनच्या त्या गाण्या-नाचाच्या परंपरेत, गिटारवाला आधी नाचणाऱ्याच्या पायांना आणि गाणाऱ्याच्या गळ्याला साथ करतो. पाकोंनी तर कामारोन या गायकाबरोबर वर्षानुवर्षं रेकॉर्डिंग केलं. गाणारा एखादी ओळ कितीही लांबवो, गिटारने बारा मात्रांचं चक्र धरून ठेवायचं. अशा साथीतून जो वेग येतो तो रील्समधल्या वेगाहून फार निराळा.

मॅक्लॉफ्लिन यांचंही तसंच. ते आपल्याकडचं संगीत वरवर उचलून थांबले नाहीत. वीणा शिकायला बसले. गमक (सुराचं आंदोलन) निघावं म्हणून फ्रेटच्या मधलं लाकूड कोरून घेतलं आणि गिटारीवर तरफेच्या (आपोआप घुमणाऱ्या) तारा आडव्या बसवून घेतल्या. 'शक्ती' या त्यांच्या बँडमध्ये तबलावादक झाकीरभाई, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासमोर बसून मांडी घालून वाजवलं. त्या काळी जगातल्या सर्वांत जोरकस इलेक्ट्रिक बँडपैकी एक त्यांचा होता. तो बाजूला ठेवून आपल्या कलाकारांमध्ये विद्यार्थी होऊन बसायचं, हे मला त्यांच्या कुठल्याही तानेपेक्षा मोठं वाटतं. 2024 च्या फेब्रुवारीत 'शक्ती'ला ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले. अजून ते लिहिताना हात थांबतो.

पांझराकाठ

अरुणावती, वेगाला विरोध अजिबात नाही. पाको आणि कामारोनचं तुम्ही लिहिलंत ते माझ्या मनातलंच आहे, फक्त मला माहीत असलेल्या उदाहरणांपेक्षा किती तरी चांगलं.

जळगाव_सुवर्णनगरी

मी वाजवत नाही, फक्त ऐकतो. जळगावला जानेवारीतल्या बालगंधर्व संगीत महोत्सवाला दरवर्षी जाऊन बसतो. गिटारवर रागसंगीत वाजतं हे इथे कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. पं. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, फ्रेट दाबायचे सोडून तारेवरून पोलादी कांडी फिरवली आणि मींडेचा (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकण्याचा) प्रश्न मुळातून सोडवला. शिष्य उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचे. त्यामुळे गिटारमधून सरोदची शिस्त येते. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त ते, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया असे तिघं आहेत. लोक संतूर आणि बासरी ऐकतात. पुढच्या वेळी फक्त गिटार ऐका. ती दोघांना किती जागा देते, आणि बोलायची वेळ आली की किती ठामपणे बोलते.

दुसरे पं. विश्वमोहन भट्ट. मोहनवीणेवर (त्यांनी गिटार बदलून घडवलेलं वाद्य) त्यांनी अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबर जे केलं त्याला 1994 चं ग्रॅमी मिळालं. ते दोघं रेकॉर्डिंगच्या थोडाच वेळ आधी पहिल्यांदा भेटले होते. एकाला दुसऱ्याच्या संगीताची पद्धत येत नाही. तबल्यावर सुखविंदर सिंग आणि डंबेक हे पेल्याच्या आकाराचं तालवाद्य घेऊन कूडरांचा चौदा वर्षांचा मुलगा. ऐकताना कळतं की दोघंही समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघतायत. धागाकर्त्याच्या अण्णांचं वाक्य तिथे लागू पडतं.

केळीबाग_रावेर

सगळ्यांना नमस्कार. मी वाजवणारी नाही, माझी लेक नववीत आहे. तिला गिटार शिकायचीय. गावात शिकवणारे कोणी नाही, ती मोबाईलवर बघून बघून करते म्हणते. गिटार कोणती घेऊ? आणि मोबाईलवर येते का हो?

भुसावळ_जंक्शन

ताई, सुरुवातीला प्लायवुडच्या टॉपची घ्या. आपल्या हवेत सॉलिड टॉपपेक्षा ती टिकते. दुकानात तारा आणि फ्रेट यांच्यातलं अंतर बघा. बाराव्या फ्रेटजवळ ते फार असेल तर बोटं दुखतात आणि मुलं महिन्याभरात सोडतात. नायलॉन तारांची क्लासिकल गिटार मुलींच्या बोटांना सोपी असं लोक सांगतात, पण तिची मान रुंद असते. लेकीला दोन्ही हातात घेऊन बघू द्या, तिला जी आपली वाटेल ती.

पांझराकाठ

केळीबाग ताई, मोबाईलवर बोटं कुठे ठेवायची ते येतं. पण मोबाईल तिच्यासाठी थांबत नाही आणि तिचं ऐकतही नाही. तुमच्या गावात भजनी मंडळ नक्की असेल. पेटीवाल्या बुवांना विचारा, लेक गुरुवारी येऊन मागे बसली तर चालेल का. पहिले काही महिने तिने फक्त पेटीच्या षड्जाशी तारा जुळवायच्या आणि मृदंगाच्या समेवर एक ठोका द्यायचा. बुवांना गिटार येत नाही याची काळजी नको. सूर आणि ताल त्यांना येतो, आणि ती चुकली तर ते मागे वळून बघतील. एवढं बघणं मोबाईलमध्ये नाही. कॉर्ड घरी मोबाईलवर शिकू दे, दोन्ही बरोबर चालू द्या.

केळीबाग_रावेर

दादा, आमच्या मंडळात पेटीवर तिचे मामाच आहेत! हे मला सुचलंच नव्हतं. आजच बोलते.

तोरणमाळ_पायथा

नंदुरबार जिल्ह्यातून लिहितोय, शिक्षक आहे. मला पावरीबद्दल विचारायचंय. साक्री-नवापूर पट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, तेव्हा पावरी वाजते. भोपळा आणि बांबूचं वाद्य, वाजवणारा श्वास न तोडता रात्र रात्र वाजवतो आणि नाचणाऱ्यांचं रिंगण त्याच्या सुरावर फिरतं. आमच्या शाळेतल्या एका मुलाचे आजोबा वाजवतात. असा दमसास आणि तालावरची अशी पकड मी कुठल्या स्टेजवर पाहिली नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांच्याबरोबर आमच्या एका सहकाऱ्याने गिटार धरली. ट्यूनरवर गिटार अचूक होती, तरी दोन्ही एकत्र कानाला लागत होतं. गिटार सोडली नाही, पण आवाज अगदी कमी केला. हे जुळवायचं कसं?

गिरणामाय

हाच माझा मुद्दा. अचूक कोण ते आधी ठरवा.

पांझराकाठ

तोरणमाळ सर, अचूक पावरीच. ट्यूनर बंद करून ठेवा. पावरीचे सूर बनवणाऱ्याच्या हाताने आणि कानाने ठरलेले असतात, ट्यूनरच्या ठरलेल्या 440 च्या हिशोबात ते बसणार नाहीत आणि बसवायचेही नाहीत. आजोबांना त्यांचा मुख्य सूर लांब धरायला सांगा. तो ऐकून गिटारची पाचवी तार त्याला मिळवा आणि बाकीच्या तारा तिच्यावरून. पाव सुराने खाली-वर झाल्या तरी चिंता नाही, स्टीलच्या तारा तेवढं सहन करतात. मग फ्रेट दाबूच नका. चौथी तार पाचवीच्या पंचमावर चढवून घ्या. ती दोन फ्रेटएवढी वर जाईल, हळूहळू चढवा, जुनी तार असेल तर आधी बदला. या दोन मोकळ्या तारांवर फक्त रिंगणाच्या पावलाला ठोका द्या. गंधार नाही, कॉर्ड नाही. पावरीत काही सूर दोन फ्रेटच्या मधे पडतील, तिथे गिटारने जायचंच नाही.

जेफ बेकसारखा इलेक्ट्रिक गिटारवादक पिक (तार छेडायची चकती) टाकून देऊन, अंगठ्याने आणि तारांचा ताण बदलणाऱ्या हँडलच्या दाबाने असे मधले सूर गिटारमधून काढायचा. तोही गाणाऱ्यांना ऐकून ऐकून तिथे पोचला असणार असं मला त्याचं वाजवणं ऐकताना वाटतं. आपण मोकळ्या तारांपासून सुरुवात करू. आणि सर, आजोबांची हरकत नसेल तर मार्गशीर्षात मी आणि अण्णा तिकडे येऊ. अण्णांना हे वाचून दाखवलं, तर त्यांनी लगेच विचारलं की पावरीवाले मुख्य सूर कोणत्या काळीजवळ धरतात. गिटार घेऊन येईन, पण पहिल्या रात्री केसमध्येच ठेवेन.

तोरणमाळ_पायथा

नक्की या. आजोबांना उद्याच विचारतो. सूर मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवू का, की नको?

पांझराकाठ

पाठवा. सुरुवातीचा लांब सूर तेवढा पाठवा. अण्णा म्हणतात बाकीचं तिथेच ऐकू.